जटायूच्या मुलखात

मी काही पक्षिमित्र नव्हे. गळ्यात दुर्बीण अडकवून पहाटेच पाणथळीवर जाऊन बसणारी मंडळी मला आवडतात; पण मी त्यांच्यातला नव्हे. माझा जन्म गुरांच्या दवाखान्यात गेला. ‘पशुधन पर्यवेक्षक’ हे माझ्या हुद्द्याचे सरकारी नाव. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, इगतपुरी-त्र्यंबकच्या डोंगराळ मुलखात, औषधांची पेटी फटफटीला बांधून मी 35 वर्षे हिंडलो. लोक मला ‘डाक्टर’ म्हणत. मी डॉक्टर नव्हतो. पण त्यांची चूक सुधारण्याचा मोठेपणाही माझ्या अंगी नव्हता.

असा मी दिवाळी अंकासाठी गिधाडांवर लिहायला बसलेला पाहून आमच्या मंडळींनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, “सणासुदीला दुसरे काही सुचले नाही का? वाचणाऱ्याच्या घशाखाली चकली उतरायची नाही!”

म्हटले, अहो, दिवाळीची सुरुवात आपण कशाने करतो? वसुबारसेने. गाय-वासराला ओवाळतो, तिच्या पायांवर पाणी घालतो. ज्या गाईला ओवाळले ती पुढे म्हातारी होते आणि एक दिवस मरते. मग तिचे काय होते? हजारो वर्षे या प्रश्नाचे उत्तर आकाशातून उतरत असे. ते उत्तर आमच्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले, आणि ते नाहीसे करण्यात या लिहिणाऱ्या हाताचाही वाटा आहे. म्हणून हा अभद्र विषय.

गेल्या माघात घोटीला एका लग्नाचे आमंत्रण होते. लग्न लागले, जेवणे झाली, आणि दुपार रिकामी पडली. स्टँडवर टाकेदची एस. टी. उभी दिसली. नोकरीत असताना या रस्त्याने किती वेळा गेलो असेन. पण देवदर्शनाला म्हणून कधी गेलो नव्हतो. चढून बसलो.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना भाताची रिकामी खाचरे होती. दूर पट्टा आणि औंढा हे किल्ले उन्हात धुरकट दिसत होते. सर्वतीर्थ टाकेद हे गाव या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. सीतेला घेऊन निघालेल्या रावणाला जटायूने अडवले, आणि पंख छाटले जाऊन तो कोसळला, तो इथे, अशी या मुलखाची श्रद्धा आहे. मरणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात घालायला पाणी हवे, म्हणून रामाने सगळ्या तीर्थांना इथे बोलावले. म्हणून गावाचे नाव सर्वतीर्थ. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. एरवी मात्र कुंडाकाठी चार म्हाताऱ्या, दोन शेळ्या आणि शांतता.

कॅलेंडरांवर जटायू बहुधा गरुडासारखा रंगवलेला असतो. गिधाड म्हणून त्याला रंगवणे चित्रकाराच्या जिवावर येत असावे. पण वाल्मीकींनी तसा संकोच केलेला नाही. त्यांनी त्याला स्वच्छ शब्दांत गृध्रराज, म्हणजे गिधाडांचा राजा, म्हटले आहे. रामाने त्याला वडिलांच्या ठिकाणी मानून त्याचे दहन केले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेल्या देहांची विल्हेवाट लावणाऱ्या जातीतल्या एकाचे अंत्यसंस्कार अयोध्येच्या राजपुत्राने केले, ही गोष्ट मला फार थोर वाटते.

कुंडावर पाय धुऊन मी पायरीवर टेकलो, तोच मागून हाक आली, “रामराम डाक्टर! वळखलं का?”

धोतर, डोईला मळकी टोपी, हातात काठी. चेहरा ओळखीचा होता, पण नाव आठवेना. त्यांनीच आठवण दिली, “तुमी आमच्या ढवळ्याला सुई टोचली व्हती न्हाई का? वाड्यामागं, जांभळीखाली?”

आणि मला सगळे लख्ख आठवले. साल 1997. बैल म्हातारा, अंगात तिवा भरलेला, चारी पाय आखडून बसलेला. बैल कण्हत होता आणि आबा त्याच्या मानेवरून हात फिरवत स्वतःच डोळे पुशीत होते. मी पेटीतून बाटली काढली, सुई भरली आणि मानेत टोचली. तासाभरात बैलाने मान उचलली. पाणी प्याला. आबांच्या कारभारणीने मला गूळ घातलेला चहा दिला. तिसऱ्या दिवशी बैल गेला, पण आबा म्हणाले होते, “सुखानं गेला, डाक्टर. कण्हला न्हाई.”

त्या बाटलीत डायक्लोफेनॅक होते.

“गिधाडं बी तवाच शेवटची पाह्यली,” आबा सहज बोलत होते. “ढवळ्याला माळावर टाकला, तर ही मोठी पंगत उतरली. सांजच्याला नुसता सांगाडा. मंग चार-पाच दिसांनी बघतो, तर त्या वाळल्या सादड्यावर बसल्याली, माना खाली घालून. जनू झोप आवरंना. एक तर माझ्यासमोर खाली पडलं. आमी म्हनलं, काय तरी रोग आला.”

आबांनी रोग म्हटले यात त्यांची काही चूक नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही प्रथम तसेच वाटले होते. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात हेच पाहिले: माना टाकून बसलेले पक्षी, रिकामी होत चाललेली घरटी. एखादा विषाणू असेल, शेतातली कीटकनाशके असतील, असे अंदाज बांधले गेले. खरे कारण पाकिस्तानातल्या पंजाबात काम करणाऱ्या एका पथकाला सापडले आणि 2004 साली ते जगापुढे आले. दुखणे थांबवण्यासाठी गुरांना जे औषध देतात, तेच गिधाडांना मारत होते. औषध दिलेले जनावर दोन-चार दिवसांत मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांचे मूत्रपिंड निकामी होते. रक्तातले यूरिक आम्ल बाहेर पडत नाही. काळीज, यकृत, सगळ्या अवयवांवर त्याचा खडूसारखा पांढरा थर बसतो. काही दिवसांत खेळ आटोपतो.

याहून भयंकर होता तो हिशोब. सगळीच मेलेली गुरे विषारी असायला हवीत असे नाही. शंभरांत एकाहूनही कमी जनावरात ते औषध असले, तरी एवढा संहार व्हायला ते पुरेसे होते. कारण गिधाड एकटे जेवत नाही. एका पानावर सगळी पंगत बसते. पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हे एके काळी जगातल्या सर्वांत विपुल शिकारी पक्ष्यांत गणले जाई. 1992 ते 2007 या 15 वर्षांत भारतात त्यांच्यातल्या दर हजारांमागे एक उरले. एक!

2006 साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅक वापरण्यावर सरकारने बंदी घातली. परिपत्रक दवाखान्यात आले त्या संध्याकाळी मी जुन्या नोंदवह्या काढल्या. जनावराचे वर्णन, आजार, उपचार असे रकाने. उपचाराच्या रकान्यात एकदा औषधाचे नाव, आणि त्याखाली पानभर ‘वरीलप्रमाणे’च्या खुणा. अक्षर माझे. ती प्रत्येक खूण म्हणजे कुणाचे तरी कण्हणे थांबवल्याची होती. त्यांतली किती जनावरे मेली, किती माळावर गेली, हे त्या वहीत लिहिलेले नव्हते. तसा रकानाच नव्हता.

हे मी कुणाला सांगितले नव्हते. घरातही नाही. टाकेदच्या पायरीवर आबांना मात्र सगळे सांगितले. का, ते ठाऊक नाही. जागाच तशी होती म्हणा.

आबा बराच वेळ कुंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “माज्या बैलानं मारलं म्हना की त्यास्नी.”

“बैलाने नाही आबा, माझ्या सुईने.”

“तुमी तरी काय वंगाळ केलं? त्याचं दुखत व्हतं.” थोडे थांबून त्यांनी विचारले, “आता तसली सुई कुनी देत न्हाई ना?”

या प्रश्नाचे साधे उत्तर नव्हते. बंदी आली, तरी माणसांसाठी बनवलेल्या डायक्लोफेनॅकच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी आडमार्गाने वापरल्या जात. त्यावर 2015 साली माणसांच्या औषधाची कुपी 3 मिलिलिटरपुरती लहान करण्यात आली, म्हणजे बैलाला टोचायची तर कुप्याच कुप्या फोडाव्या लागाव्यात. मग त्याचीच भावंडे निघाली: केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक. त्यांच्यावर जनावरांपुरती बंदी 2023 साली आली. पुढच्या वर्षाअखेरीस निमेसुलाइडवर. मेलॉक्सिकॅम नावाचे औषध आहे. ते जनावराचे दुखणेही थांबवते आणि गिधाडाला मारतही नाही. म्हणजे बैलाची दया आणि गिधाडाचा जीव यांचे मुळात वैर नाही. बाटली तेवढी बदलायची आहे.

आबांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “मंग आता कुठं हायेत ती? हायेत का तरी?”

“असतील तर अंजनेरीला असतील,” मी म्हणालो. खरे तर तेही मी वर्तमानपत्रात वाचलेले होते. घोटीला परतताना वाटले, ज्यांचे आपण देणे लागतो, ती आहेत कुठे, हे निदान बघून तरी यावे.

नाशकात माझा भाचा राहतो. तो मात्र खराखुरा पक्षिमित्र. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याने मला मोटारसायकलवर मागे बसवले. “मामा, स्वेटर घाला,” एवढेच बोलला. त्र्यंबकच्या रस्त्याला अंजनेरी गाव लागते. वर उभा आहे तो अंजनेरीचा डोंगर. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून लोक त्याला मानतात. पायऱ्यांनी चढताना वाटेत कातळात कोरलेली जैन लेणी लागतात. पठारावर अंजनीमातेचे मंदिर आहे. रामायणातला एक उडणारा वीर टाकेदला पडला आणि दुसरा इथे जन्मला, हे मनात येऊन गंमत वाटली.

पण आम्ही देवळात नंतर गेलो. आधी कड्याच्या समोर, दूर बसलो. भाच्याने दुर्बीण माझ्या हाती दिली. “मामा, ते पांढरे ओघळ दिसतात का? कुणी चुन्याची बादली उपडी केल्यासारखे? त्यांच्या वर बघा.”

पाहिले. काळ्या कातळाच्या कंगोऱ्यावर काटक्यांचा ढीग होता आणि त्यावर राखाडी लोकरीच्या गुंड्यासारखे काहीतरी हलत होते. ते पिल्लू होते. शेजारी बाप असेल किंवा आई, पाठीला पोक काढून, एखाद्या म्हाताऱ्या कारकुनासारखी बसली होती. लांब चोचीची गिधाडे ही. कड्यावर घरटी करतात. पांढऱ्या पुठ्ठ्याची झाडांवर करतात. वर्षाला अंडे एकच. सुमारे 50 दिवस दोघे आळीपाळीने उबवतात. पिल्लू वयात यायला पाचेक वर्षे जातात. उंदरा-सशासारखा हा वंश नव्हे की एका पावसाळ्यात भरून यावा. आमच्या सुईने 15 वर्षांत जे नेले, ते असे एकेका अंड्याने परत यायचे आहे.

इतक्यात ते मोठे गिधाड कड्यावरून नुसते पुढे झुकले. उडी मारली नाही, पंख फडफडवले नाहीत. झुकले, आणि हवेने त्याला उचलून घेतले. जमिनीवर इतके कुरूप दिसणारे ते जनावर, सात फुटांचे पंख पसरून आमच्या डोक्यावरून गेले तेव्हा मी उठून उभा राहिलो. कुणी वडीलधारे माणूस आल्यावर उभे राहतो तसा. भाचा हसला नाही, हे त्याचे भाग्य.

अंजनेरीचा हा भाग आता संवर्धन राखीव क्षेत्र आहे. या डोंगरावर रस्ता न्यावा, रोपवे न्यावा, अशीही बोलणी अलीकडच्या वर्षांत झाली आणि त्यांना विरोधही झाला. भक्तांची सोय व्हावी हे खरे. पण कड्यावरच्या त्या बाळंतिणीचीही सोय कुणी पाहावी.

“पण मामा, हे खातात काय?” भाच्याने खाली उतरताना विचारले, आणि स्वतःच उत्तर दिले, “चला, दाखवतो.”

त्र्यंबक मागे टाकून आम्ही हरसूलच्या बाजूला निघालो. साग-सादड्याचे रान, मधून मधून पाडे. तिकडे खोरीपाडा नावाची लहानशी आदिवासी वस्ती आहे. वनखाते आणि गावकरी यांनी मिळून तिथे गिधाडांची खानावळ चालवली आहे. शहरी लोक तिला रेस्टॉरंट म्हणतात; पण पाटा नाही, ताट नाही, म्हणून मी आपली खानावळच म्हणतो. कुत्र्यांनी शिरू नये म्हणून कुंपण घातलेली जागा. आसपासच्या गावांत जनावर मेले, की मालक कळवतो आणि ते इथे आणून टाकतात. एकच अट: मरण्यापूर्वी त्याला ते औषध दिलेले नसावे. माझ्यासारख्याच कुणीतरी दिलेले नसावे.

त्या दिवशी एक म्हातारी गाय आणून टाकलेली होती. आम्ही लांब झाडांच्या आड बसलो. वास येत होता, तो येणारच. प्रथम कावळे आले. कुंपणाबाहेर दोन कुत्री येरझाऱ्या घालू लागली. तास गेला. ऊन तापले. मग भाच्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि वर बोट केले.

आकाशात एक ठिपका. मग दोन. मग त्यांचे एक संथ चक्र. एकाने उतरायला सुरुवात केली, ते पाहून दुसरे वळले. लांबलांबची गिधाडे एकमेकांवर नजर ठेवून असतात. एक खाली जाऊ लागले की बाकीच्यांना आमंत्रण पोहोचते. पाय खाली सोडून, पंखांतून वाऱ्याची शीळ घालीत ती उतरली. मी मोजली, अकरा. त्यांतल्या चौघांच्या पाठीवर पंख मिटताना पांढरा पट्टा दिसला. हजारांतून एक उरलेल्या घराण्यातली ती चौघे!

नंतरचे वर्णन मी करीत नाही; आमच्या मंडळींना शब्द दिला आहे. एवढेच सांगतो की भांडण, ओढाताण, फुत्कार हे सगळे झाले, आणि दीड तासाने तिथे हाडे उरली. माशा नाहीत, किडे नाहीत. वासही ओसरला. सरकारी नोकरीत इतके स्वच्छ काम इतक्या थोड्या वेळात झालेले मी कधी पाहिले नाही.

हे सफाई कामगार गेले तेव्हा त्यांच्या जागी कोण आले? कुत्री. मेलेल्या गुरांवर त्यांच्या झुंडी पोसल्या गेल्या, आणि कुत्र्यांबरोबर पिसाळाचा रोग. एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला आहे, की गिधाडे गेल्यामुळे 2000 ते 2005 या वर्षांत देशात सुमारे 5 लाख माणसे जास्त मेली. मुंबईत पारशी समाजाच्या दख्म्यावर गिधाडे येईनाशी झाली, आणि एका प्राचीन धर्माचरणाला सूर्याचे किरण एकवटणाऱ्या यंत्रांची मदत घ्यावी लागली. एका बाटलीने काय काय उलथले!

भरपाईचे प्रयत्न चालू आहेत. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांना पिंजऱ्यात वाढवून त्यांची वीण करण्याचे केंद्र आहे. तिथे जन्मलेली काही गिधाडे 2024 साली आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणली गेली. चांगली गोष्ट आहे. पण खोरीपाड्याच्या त्या कुंपणाशी बसून मला वाटले, की पिंजऱ्यातून सोडलेला पक्षीही शेवटी जेवायला बसणार तो कुणा शेतकऱ्याच्याच मेलेल्या गुरावर. त्या गुराला कुठली सुई टोचली होती, यावर त्याचा जीव. म्हणजे जंगलातला हा प्रश्न गोठ्यात सुटायचा आहे.

घरी आल्यावर आठवड्याने फोन वाजला. टाकेदहून आबांचा नातू बोलत होता. म्हातारी गाय खाली बसली आहे, पाय धरले आहेत, गावात सुई देणारा एक पोरगा आला आहे. आजोबा म्हणतात, डाक्टरांना विचारल्याबिगर टोचू द्यायची नाही.

“बाटलीवरचे नाव वाच,” मी म्हणालो. “एकेक अक्षर वाच.”

“मे... लॉ... क्सि... कॅम.”

“टोचू दे.”

मग आबांनी फोन घेतला. “डाक्टर, आन् गाय गेलीच तर? पोरं म्हंत्यात, खड्डा करून पुरू.”

“पुरू नका आबा. माळावर ठेवा. कुत्र्यांना हाकलायला नातवाला बसवा, आणि वर बघत राहा. अंजनेरीहून टाकेद त्यांना लांब नाही.”

“आन् न्हाई कुनी आलं तर?”

मी म्हणालो, “तरी एक दिवस बघा.”

“बरं,” आबा म्हणाले. “त्या सादड्यापाशीच ठेवतो. त्यास्नी जागा ठावं हाय.”